बाहीचा वास

कारखान्यात त्यांना सगळे नाकोबा म्हणत, अगदी तोंडावरसुद्धा. व्हिस्कीच्या कुठल्या पिंपाला मान द्यायचा आणि कुठल्याला नारळ, हे वर्षानुवर्षं त्यांचं नाक ठरवत आलं होतं. आज मात्र त्या नाकाच्या धन्याचे डोळे बसल्या जागी मिटत होते. बायकोच्या अंगावर पुरळ उठून महिना झाला होता. खाजेपायी तिला झोप नाही आणि तिच्यापायी यांना नाही. सकाळी तिच्या पाठीला मलम चोळायचं, स्वेटर चढवायचा आणि पाय ओढत कामावर यायचं.

टेबलावर निळ्या काचेचे पेले मांडले होते. काच निळी, कारण रंग दिसला की मन आधीच निकाल देऊन मोकळं होतं. आजची सगळी सिंगल माल्ट शेरीच्या पिंपांतली. त्या लाकडात आधी शेरी नावाची वाइन मुरलेली असते, म्हणून या व्हिस्कीला मनुकांचा, अंजिराचा, अक्रोडाच्या सालीचा वास. नाकोबांनी पेल्यात थोडं पाणी घातलं, हुंगलं, घोटभर तोंडात घोळवून थुंकलं. मग कोपर वाकवून बाहीत नाक खुपसलं. दोन पेल्यांच्या मध्ये हे करायचंच. दमलेलं नाक आपल्याच अंगाच्या वासावर पुन्हा ताळ्यावर येतं, हे त्यांनीच सगळ्यांना शिकवलं होतं.

"पास. घाला टाकीत."

"मामा, यात गंधक आहे."

टेबलापलीकडे त्यांची भाची बसली होती. याच कारखान्यात ती नुकतीच केमिस्ट म्हणून लागली होती.

"इथं मामा म्हणायचं नाही."

"बरं. साहेब, यात गंधक आहे. विझलेल्या काडीसारखा वास येतोय. रिकामं पिंप खराब होऊ नये म्हणून आत गंधक जाळतात ना, तो लाकडात राहिलाय."

"मला शिकवतेस?"

"शिकवत नाही. पुन्हा हुंगा म्हणतेय."

त्यांनी हुंगलं. मनुका. बाहीत नाक घालून पुन्हा हुंगलं. मनुकाच. असलं एक पिंप टाकीत गेलं की सगळी टाकी नासते. आणि ज्या नाकाला ते कळत नाही, त्या नाकाचं या खोलीत काही काम नसतं.

तेवढ्यात दारातून मॅनेजरनं डोकं आत घातलं. "नाकोबा, टाकीचं झाकण उघडून माणसं खोळंबलीत. भाची छळतेय वाटतं?"

"छळायचाच पगार घेते ती. आलोच."

मॅनेजर हसत गेला. नाकोबा भाचीकडे वळले.

"त्याच्यासमोर का नाही बोललीस?"

"तुमचं नाक गेलंय असं मला वाटत नाही, म्हणून."

"मला वाटतंय." हे त्यांनी पहिल्यांदाच मोठ्यानं म्हटलं. "गेलं तर गेलं. घरी बसेन, तुझ्या मामीला मलम लावेन, दुपारी निवांत आडवा होईन." ते चित्र इतकं गुबगुबीत होतं की त्यांना त्याची लाजच वाटली.

"कसलं मलम?"

"पिवळं काहीतरी. डॉक्टरांनी दिलंय."

ती उठली, टेबलाला वळसा घालून आली, त्यांच्या बाहीजवळ वाकली आणि झटकन मागे झाली. "अहो मामा! गंधकाचं मलम आहे हे! प्रत्येक पेल्याआधी नाकाला गंधक पाजताय तुम्ही. ते इतकं सरावलंय की पेल्यातल्या गंधकाचा त्याला पत्ताच लागत नाही."

नाकोबांनी स्वेटर काढून बाहेर खुंटीला टांगला, हात खसाखसा धुतले आणि अंगणात मोकळ्या हवेत बराच वेळ उभे राहिले. परत आले तेव्हा थंडीनं कुडकुडत होते.

"तुमच्या कोपराचा अजून भरवसा नाही," भाचीनं आपला हात पुढे केला. "हे घ्या. बिनवासाच्या साबणानं धुतलेली बाही आहे."

त्यांनी तिच्या बाहीत नाक घातलं. सुती कापड, दुसरं काही नाही. मग पेला. आधी मनुका, मग अंजीर, आणि त्यांच्या मागे दडून बसलेली विझलेली काडी. अगदी स्पष्ट.

"बाद," ते म्हणाले.

क्षणभर जीव भांड्यात पडला. पण लगेच लक्षात आलं की गेल्या महिनाभरात पास केलेली सगळी पिंपं याच स्वेटरात चाखली होती. ती सगळी आज टाकीत जायची होती.

ते जिन्यापाशी गेले आणि खाली ओरडले, "झाकण लावा! चूक माझी आहे. सगळं पुन्हा चाखायचंय."

खालून मॅनेजर काहीतरी तडतडला. त्याचं पुरतं ऐकायलाही नाकोबा थांबले नाहीत. घरी गेल्यावर मलम होतंच, इथं पिंपांची रांग होती आणि नाक ठणठणीत होतं. आता सबब सांगायला काही उरलं नव्हतं. त्यांनी खुर्चीत अंग टाकलं आणि पुढचा पेला ओढला.

"कर हात पुढे. आणि तेवढा साबण बदलू नकोस."