डावा हात, उजवा हात

"येत असेल त्यानं उजवा हात वर करायचा, येत नसेल त्यानं डावा. पण हात सगळ्यांचे वर दिसले पाहिजेत. एकही हात खाली नको. कळलं?"

मोठ्या बाई वर्गाला बजावून सांगत होत्या आणि कशावरून सर फळ्याच्या कडेला उभे राहून स्वतःच्या चपलांकडे पाहत होते.

'कशावरून सर' हे नाव मुलांनी ठेवलेलं. कोणी काही ठासून म्हणालं की सर हळूच विचारत, "कशावरून?" घरीही तेच. "अहो, चहा निवला," असं बायको म्हणाली की सरांनी तोंड उघडण्याआधीच ती पुढचं म्हणून टाके, "बोट घालून बघा."

माणूस भिडस्त. चारचौघांत बोलायचं तर आधी दुसरं कोणी बोलतंय का ते बघायचे, आणि बोलून झाल्यावर आपलं चुकलं तर नाही ना, या विचारानं रात्र जायची. आयुष्यात त्यांनी एकच गोष्ट हट्टानं मागितली होती: आठवड्यातून एक विचाराचा तास. त्याला परीक्षा नाही, गुण नाहीत. मुलांनी शंका काढायच्या, कारणं शोधायची, दुसऱ्याचं पटलं तर आपलं सोडायचं. बाईंच्या खोलीचे उंबरठे झिजवून झिजवून तो तास मिळाला होता.

आता एक समिती येणार होती. मुलांना विचार करायला शिकवणाऱ्या शाळेला ती बक्षीस म्हणून ढाल देणार होती. बाईंनी सरांना आधीच सांगून ठेवलं होतं, "ढाल आली तर तुमचा तास राहील. नाही आली तर मी तो सराव परीक्षांना देऊन टाकणार. पालक माझ्या डोक्यावर बसलेत, या तासाचे गुण किती म्हणून."

म्हणून आज ही रंगीत तालीम.

"बाई," मागच्या बाकावरून एक मुलगी उठली. शिक्षकांच्या खोलीत तिला सगळे वकीलीण म्हणत, आणि ते काही कौतुकानं नव्हे. "ज्याला अर्धवट येतंय त्यानं कुठला हात करायचा?"

वर्ग फिसकन हसला. बाई हसल्या नाहीत.

"त्यानं उद्या वाचनालयात बसायचं. तू, आणि तुझ्या शेजारची ती." ती शेजारची बोलताना अडखळायची. "आणि तो, सारखा जांभया देणारा. आणि ती दोघं, ज्यांची उत्तरं संपतच नाहीत." बोटाच्या इशाऱ्यासरशी मागची रांग उद्यापुरती रिकामी झाली. मग बाई सरांकडे वळल्या. "तुमचा तो छत्रीचा पाठ घ्या. त्यात एक झकास उत्तर होतं ना?"

पाठ साधा होता. सर ओली छत्री घेऊन वर्गात यायचे आणि म्हणायचे, बाहेर पाऊस पडतोय. कशावरून? मुलं म्हणायची, छत्री ओली आहे त्यावरून. आणि मागे एकदा याच वकीलिणीनं उठून म्हटलं होतं, "छत्री कोणी नळाखाली धरली असेल. आणि सर, तुमच्या चपला तर कोरड्या आहेत." त्या दिवशी सर घरी तरंगत गेले होते.

"ते उत्तर उद्या पहिला नंबर देईल," बाई म्हणाल्या. पहिला नंबर म्हणजे पुढच्या बाकावरचा हुशार मुलगा. "त्याचा आवाज खणखणीत आहे."

"पण ते मला सुचलंय," वकीलीण म्हणाली.

"सुचलं शाळेतच ना? मग ते शाळेचं."

सरांची कानशिलं तापली. त्यांनी तोंड उघडलं, मिटलं, आणि पुन्हा चपलांकडे पाहिलं.

शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांनी त्यांची समजूत काढली. "अहो, चोरी कसली? उसनवारी म्हणा. लग्नात नाही का शेजाऱ्याच्या खुर्च्या आणत?"

"खुर्च्या परत देतात," कशावरून सर म्हणाले. पण इतक्या हळू की ते गणिताच्या सरांच्या चहाच्या भुरक्यात बुडून गेलं.

घरी बायकोनं सगळं ऐकून घेतलं.

"मग बोलला का नाहीत?"

"तास जाईल."

"आणि राहिला तर? त्या तासाला काय शिकवणार आहात तुम्ही?"



दुसऱ्या दिवशी वर्गाकडे जाताना वाटेत वाचनालय लागलं. दार उघडंच होतं. आत ती पाच मुलं एका लांब टेबलाभोवती बसली होती. पुस्तकांवरची धूळ पुसायला त्यांना फडकी दिली होती. वकीलिणीनं मान वर करून सरांकडे पाहिलं. सरांनी भराभर पावलं उचलली.

वर्ग लखलखीत होता. भिंतीवर नवी अक्षरं चिकटवली होती: प्रश्न विचारा. मागे पाहुणे बसले होते, मध्यभागी समितीचे अध्यक्ष, जाड चष्म्याचे, अबोल गृहस्थ. सरांनी छत्री उघडली, विचारलं, आणि हातांचं रान उभं राहिलं. उजवे हात शोधून शोधून सर नावं पुकारत गेले. पहिला नंबर उठला आणि खणखणीत आवाजात म्हणाला, "छत्री कोणी नळाखाली धरली असेल." पाहुण्यांनी माना डोलावल्या. मोठ्या बाईंच्या चेहऱ्यावर चांदणं पडलं. सरांना मात्र आपण या मुलाच्या तोंडातून चोरीचा माल विकतोय असं वाटत होतं.

तेवढ्यात अध्यक्षांनी घसा खाकरला.

"मी एक विचारू, मुलांनो? मागच्या रांगेत बसलेलं कोणी नाही, पण बाकांवर पाण्याच्या बाटल्या आहेत. यावरून काय म्हणता येईल?"

सवयीनं हात वर जाऊ लागले आणि मध्येच अडकले. उत्तर तर सगळ्यांना येत होतं. पण ते येतंय असं दाखवायचं की नाही, हे बाईंनी सांगितलं नव्हतं. उजवे हात वर गेले, खाली आले, त्यांच्या जागी डावे गेले. एकीनं बाईंकडे पाहून दोन्ही हात मांडीखाली दाबून धरले. आणि पहिल्या नंबरानं, रडवेल्या तोंडानं, दोन्ही हात वर केले.

"दोन्ही?" अध्यक्ष म्हणाले. "म्हणजे काय रे?"

मुलानं आधी बाईंकडे पाहिलं, मग सरांकडे.

"त्याला विचारू नका!" सर ओरडले. स्वतःचा एवढा मोठा आवाज त्यांनी कधी ऐकला नव्हता. त्यांनी स्वतःचा उजवा हात वर केला. "मला येतं उत्तर. ती मुलं शेजारी वाचनालयात धूळ पुसतायत. वर्गातल्या सगळ्यात चांगल्या शंका तीच काढतात, म्हणून त्यांना तिथे बसवलंय. छत्रीचं उत्तर त्यांतल्या एका मुलीचं आहे. ते काढून आम्ही याच्या तोंडात घातलं. यात याचा दोष नाही. उजवा हात वर असेल तर येतंय, डावा असेल तर येत नाही, ही आमची खूण. कोणाला येत नाही हे तुम्हाला दिसू नये म्हणून! भिंतीवर लिहिलंय प्रश्न विचारा, आणि जिनं विचारला तिच्या हातात फडकं दिलं! विचार करायला नाही शिकवलं आम्ही. विचार करतोय असं दाखवायला शिकवलं!"

हात अजून वरच होता. तो खाली घ्यायचं त्यांना सुचलं नाही.

मोठ्या बाई उठल्या आणि पाहुण्यांकडे वळून गोड हसल्या. "पाहिलंत? आमच्याकडे इतकं मोकळं वातावरण आहे. शिक्षकसुद्धा न भिता बोलतात."

अध्यक्षांनी काही क्षण सरांकडे पाहिलं. मग मान खाली घालून कागदावर काहीतरी लिहिलं. बाकीच्या पाहुण्यांनी टाळ्या वाजवल्या.

सर थेट वाचनालयात गेले.

"ऐकू आलं आम्हाला," वकीलीण म्हणाली. फडकं तिनं घडी घालून ठेवलं होतं. "सर, सकाळी तुम्ही इथूनच गेलात. दार उघडं होतं."

"हो."

"तेव्हा का नाही बोललात?"

"घाबरलो."

"मग नंतर का बोललात?"

"पहिल्या नंबरानं दोन्ही हात वर केले. बघवेना."

"म्हणजे तुम्ही त्याच्यासाठी बोललात. आमच्यासाठी नाही."

तर्कात कुठे फट नव्हती. सरांनीच शिकवलेला होता तो.

पुढच्या आठवड्यात ढाल आली. खाली कोरलं होतं: निर्भय विचारांसाठी. बाईंनी ती दारातच लावली, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल अशी. आणि विचाराच्या तासाला सर छत्री घेऊन निघाले, तर वर्गात गणिताचे सर सराव परीक्षेचे कागद वाटत होते.

"तुम्हाला सांगितलं नाही का कोणी?" ते दारात येऊन म्हणाले. "हा तास आता माझ्याकडे. अहो, ढाल मिळाली ना? आता तास कशाला? नवरी घरात आली की मांडव कोण ठेवतं?" हसत ते आत वळले आणि वर्गाला म्हणाले, "सूचना कळल्या का सगळ्यांना?"

हात वर गेले. सगळेच्या सगळे डावे.

"हे काय?" गणिताचे सर गोंधळले. "कळल्या ना? मग असे का हात?"

पहिल्या नंबराचा हातही डावाच होता. मागच्या बाकावर वकीलिणीचा हात सगळ्यांत उंच होता, आणि ती दाराकडे पाहत होती. या वेळी सरांनी चपलांकडे पाहिलं नाही.

ते मोठ्या बाईंच्या खोलीशी आले. एरवी ते दारावर हलकेच टकटक करून, आतून आवाज येईपर्यंत बाहेर ताटकळत. आज त्यांनी दार ढकललं.

"मी आत या म्हटलं का?" बाई म्हणाल्या.

"नाही," सर म्हणाले, आणि छत्री टेबलावर ठेवून त्यांनी खुर्ची पुढे ओढली.