गाणारा दिवा

"थांबवा. परत वाजतंय," गायिकेने डोळे न उघडताच सांगितलं.

काचेपलीकडे कानसेनांनी कपाळावर हात मारला. घरामागच्या खोलीतला हा स्टुडिओ त्यांचाच. कोणाचा सूर केसभर जरी हलला तरी त्यांना कळायचं, म्हणून लोकांनी त्यांचं हे नाव ठेवलेलं. पण छताला नवे दिवे लावल्यापासून बाईंची एकच तक्रार.

"काय वाजतंय?"

"दिवा. कानाशी डास यावा तसा."

त्यांनी हेडफोन कानांवर घट्ट दाबला. काहीच नाही. नाचता येईना अंगण वाकडं, ते पुटपुटले. तरी दिवे उतरवून त्यांनी दुकान गाठलं.

"काका, बदलून हवेत?" दुकानदार वैतागला. "दिवा उजेड देतो ना?"

"उजेड देतो, वर गातोसुद्धा!"

"मग त्याचंच रेकॉर्डिंग करा की!"

दात-ओठ खात ते आणखी दोन-तीन प्रकारचे दिवे घेऊन आले. एकेक लावून पाहिला. सगळे सारखेच गप्प. त्यातला मऊ उजेडाचा ठेवला. बाईंनी परत येऊन एक ओळ गायली आणि पर्स उचलली.

"तुमची चेष्टा चाललीय का? दिवा बदलला की बोलवा."

त्यांनी पेचकस टेबलावर आपटला. तो आवाज ऐकून बायको दारात आली आणि तिथेच थबकली.

"ई! हे काय किणकिणतंय?"

"झालं! आता तूसुद्धा?"

"अहो, कान किटले माझे. तुम्ही कसे बसता इथे?"

"भिंतीकडे तोंड करून उभी राहा," ते खेकसले.

त्यांनी अलगद बटण बंद केलं.

"गेलं," ती म्हणाली.

चालू केलं.

"आलं."

पुन्हा बंद. पुन्हा चालू. तिला चकवायला एकदा बटणाला नुसतंच बोट लावलं. ती एकदाही चुकली नाही. त्यांच्या कानांत मात्र दोन्ही वेळा सारखीच शांतता होती. ते हळूच खुर्चीत बसले. बायको वळली, त्यांचा चेहरा पाहिला आणि पुढे होऊन बटण बंद केलं.

सकाळी त्यांनी गायिकेला फोन लावला. कालपासून तोंडात घोळवलेलं एकही कारण त्यांनी सांगितलं नाही.

"बाई, दिवा वाजतोच. मला ऐकू येत नाही. तुम्ही येऊन निवडा."

पलीकडून ती एवढंच म्हणाली, "येते."

ती आणि बायको छताखाली माना वर करून उभ्या राहिल्या. कानसेन शिडीवर चढून दिवे बदलत होते. शेवटी एका दिव्याला दोघी एकदमच "हा!" म्हणाल्या. त्यांनी तो पक्का बसवला.

गायिका माइकसमोर गेली. कानसेनांनी आपली खुर्ची जरा बाजूला सरकवली आणि बाहेरून दुसरी आणून शेजारी मांडली.

"बस," ते बायकोला म्हणाले.

"मी? मला काय कळतंय त्यातलं?"

"ते मी सांगतो. तू फक्त ऐक."

आणि त्यांनी गायिकेला खूण केली.