एक मुलगी इकडची, एक तिकडची

रस्त्याच्या मधोमध एक पिवळं कुत्रं झोपलेलं असतं. डोकं उरुग्वेत, शेपूट ब्राझीलमध्ये. ट्रकवाले त्याला वळसा घालून जातात.

काही वर्षं इथल्या उन्हाळ्यात, म्हणजे डिसेंबरात, पलीकडची घड्याळं तासभर पुढं असायची. तेव्हा उरुग्वेकडच्या रिवेरा गावातली माणसं एकतीस डिसेंबरला रस्ता ओलांडून जात, नव्या वर्षाचा पेला तिकडं उंचावत आणि परत येऊन पुन्हा जुन्या वर्षात बसत, उरलेलं भाजलेलं मांस खात.

इतिहासाचं पुस्तक, इकडच्या शाळेतलं : शेजाऱ्यानं आपला प्रांत गिळला. आपण लढलो आणि देश झालो.

इतिहासाचं पुस्तक, तिकडच्या शाळेतलं : दक्षिणेचा एक प्रांत आपल्या हातून गेला.

पासपोर्ट दोन्हीकडचा निळाच.

सुईणीनं ओळखू यावी म्हणून थोरलीच्या मनगटाला लाल दोरा बांधला. जुळ्या होत्या आणि अगदी सारख्या. त्यांचा बाप ओलिंतो तेचेरा, धंद्यानं शिंपी. त्यानं बायकोला सांगितलं, "थोरलीची नोंद इकडं करू, धाकटीची तुझ्या देशात, ब्राझीलमध्ये. घराचा एक पाय इकडं, एक तिकडं. कुठलं सरकार कधी बिघडेल, काय सांगावं?"

थोरली म्हणजे नाइर. धाकटी एनी. आता दोघींचेही केस पांढरे झालेत. रस्त्याच्या उरुग्वेकडच्या अंगाला, बापाच्या शिवणयंत्रासकट त्याच घरात दोघी राहतात. मतदान दोन्ही देशांत सक्तीचं. नाइर इकडच्या शाळेत जाऊन मत देते, एनी तिकडच्या. मग संध्याकाळी स्वयंपाकघरात दोघी एकमेकींच्या राष्ट्राध्यक्षांना नावं ठेवतात.

भानगड झाली ती पासपोर्टावरून.

नाइरची मुलगी लोरेना लिस्बनला असते. तिला पहिलं बाळ व्हायचं होतं आणि आई-मावशी दोघींनीही यायलाच हवं असा तिचा हट्ट होता. शेजारच्या देशांत फिरायला ओळखपत्र पुरतं, त्यामुळं दोघींपैकी एकीनंही आजवर पासपोर्ट काढला नव्हता. नाइर सकाळी एनीला सोबत घेऊन रिवेराच्या कचेरीत गेली. स्वतःचं काम उरकलं आणि खिडकीतल्या मुलीला म्हणाली, "आता हिचाही काढून दे. आमचे बाबा इकडचेच."

आपलाही पासपोर्ट इकडं काढायचा बेत आहे, हे एनीला पहिल्यांदाच कळत होतं.

"होईल की, आजी," मुलगी म्हणाली. "वडील इथले आणि तुम्ही राहता इथंच, म्हणजे हक्क आहेच तुमचा. आधी नागरिक म्हणून नाव घालून घ्या. मग पासपोर्ट."

"मला नको," एनी म्हणाली आणि चालू लागली.

नाइरनं तिला चौकात गाठलं. इथल्या मनोऱ्याचा अर्धा भाग या देशाचा, अर्धा त्या देशाचा. एनी बाकावर बसली होती. थर्मासमधलं गरम पाणी 'माते' नावाच्या कडवट पाल्याच्या चहाच्या तुंब्यात ओतत होती. नळी स्वतःच्याच तोंडात धरलेली. नेहमीसारखी बहिणीपुढं केली नाही.

"रागवायला काय झालं?" नाइर म्हणाली. "तिथं विमानतळावर देशादेशाच्या रांगा असतात म्हणे. तू एका रांगेत, मी दुसरीत. मी हरवले तर?"

"लिस्बनला पोर्तुगीज बोलतात, नाइर. शाळेत पोर्तुगीज मी शिकले. तुला तर ते शब्द तोंडातून निघाले म्हणून बाई कोपऱ्यात उभं करायच्या. आणि तू मला स्पॅनिश देशाची करून न्यायला निघालीस. डोकं आहे की भोपळा?"

"मग दोन्ही ठेव. कोण काढून घेतंय?"

"मला एकच पुरे." एनीनं तुंबा बाकावर ठेवला. "एक सांग. इतकी वर्षं तुला काय वाटत आलंय? बाबांनी मला तिकडं टाकलं, असंच ना? म्हणून आता परत आणायला निघालीस."

नाइर बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली.

लहानपणी रोज सकाळी दोघी हात धरून रस्त्याच्या मध्यापर्यंत जायच्या. तिथं हात सुटायचे. एक इकडच्या शाळेत, दुसरी तिकडच्या. एनी इकडच्या शाळेचा पांढरा डगला न घालता तिकडं जाताना दिसली की नाइरच्या पोटात एक गोड गुदगुली व्हायची : बाबांनी मला ठेवून घेतलं. पुढं तीच गुदगुली काट्यासारखी टोचायला लागली. लोरेना तान्ही असताना नाइर दुकानात रात्रपाळी करायची आणि पोर एनीच्या छातीवर झोपायची, तेव्हा तो काटा जास्तच रुतायचा.

"मला काय वाटायचं माहितीय?" एनी म्हणाली. "आईनं मला मागून घेतलं. दोघींतून निवडून. तिच्याकडचं मला दुसरं काय मिळालं? भांडीही तू घेतलीस. हा तेवढा देश माझा. तो तरी राहू दे."

"म्हणजे माझ्यापेक्षा तुला तो कागद मोठा!"

"तुलाच नाही का?"

"मग नको येऊस," नाइर म्हणाली.

म्हणून झालं आणि तिला वाटलं, शब्द परत गिळता आले तर बरं. पण एनी उठली, थर्मास काखेत मारला आणि पलीकडच्या बेकरीकडं चालू लागली. तुंबा बाकावरच राहिला.

फोन वाजला. लोरेना. नाइरनं सगळं एका दमात सांगितलं, रांगांसकट.

"आई, इथं रांगा दोनच," लोरेना हसत म्हणाली. "युरोपवाल्यांची आखूड आणि उरलेल्या जगाची लांबलचक. तुम्ही दोघी लांबलचकीत."

"एकाच?"

"एकाच. आणि ऐक, मावशी नसेल तर तूही येऊ नकोस. बाळाला आंघोळ कोण घालणार? तू? मला घालताना तर साबणासारखी निसटू दिली होतीस!"

नाइर हसली नाही. तुंबा उचलला, कुत्र्याला वळसा घालून रस्ता ओलांडला. एनी बेकरीच्या दाराशी पावाची पिशवी घेऊन उभी होती.

"एकच रांग आहे," नाइर म्हणाली.

"मग?"

"मग तुला हवा तोच काढ. पण चल माझ्याबरोबर. तुझ्याशिवाय मला जमणार नाही." तुंबा पुढं करत ती म्हणाली, "आणि हो. तसंच वाटायचं मला. तू म्हणालीस तसंच."

एनीनं पावाची पिशवी मनगटाला अडकवली. मग तुंबा तिच्या हातातून घेतला, पाणी ओतलं आणि पहिला घोट नाइरला दिला.

"पासपोर्टासाठी गुरुवारची वेळ घेऊन ठेवलीय मी," ती म्हणाली. "महिना झाला. तू कधी विचारलंस?"

तिकडं पासपोर्ट पोलीस देतात. गुरुवारी दोघी हात धरून निघाल्या. रस्त्याच्या मध्यावर एनीचा हात सवयीनं सैल पडला. नाइरनं तो सोडला नाही.

पोलिसानं चष्मा वर करून दोघींकडं पाहिलं. तेच नाक, तीच हनुवटी, तेच पांढरे केस.

"अहो आजी, यातल्या आमच्या कोणत्या?"

नाइरनं एनीला पुढं ढकललं. "ही. नीट सांभाळा."

जन्मानंतर ओलिंतो दोन्ही तान्ह्या मुलींना एकाच टोपलीत घालून नोंदणीला निघाला, तेव्हा लाल दोरा सुटून टोपलीच्या तळाशी पडलेला होता.