बंद टीव्हीखालचा आवाज

दुपारचे चार वाजत आले की ताईच्या खोलीत मुंगी शिरायलाही जागा उरत नसे. जिन्यापर्यंत चपलांचा खच पडे. सगळ्यांचे डोळे लागलेले असत ते बंद टीव्हीखालच्या लांबट, काळ्या स्पीकरकडे, म्हणजे साउंडबारकडे. त्यातून ताईचे यजमान बोलत. त्यांना जाऊन चार महिने झाले होते.

ताईची धाकटी बहीण परगावी शाळेत विज्ञान शिकवायची. ती सुटीत आली, तर ताईचे पाय सुजलेले. हृदयाच्या गोळ्यांची पाकिटं न फोडता तशीच पडली होती. तिने विचारलं, तेव्हा ताई शांतपणे म्हणाली, "त्यांनीच नको म्हटलंय."

एवढ्यात चार वाजले, खोली भरली आणि मौनीबाबा आले. नाव मौनी, पण तोंडाचा पट्टा अखंड चालू. आत्म्याला तोंड नसतं, म्हणून तो यंत्राचं तोंड उसनं घेतो, असं त्यांनी डोळे मिटून समजावलं. मग हात कफनीत घालून ते गप्प झाले.

"त्या गोळ्या आता घेऊ नकोस," साउंडबार म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "लवकर ये. मी वाट बघतोय."

आवाज भाऊजींचाच होता, शेवटच्या बारीक खोकल्यासकट. क्षणभर धाकटीलाही खरंच वाटलं. मग साउंडबारच्या कडेला निळा दिवा दिसला. बाबा निघाले तसा तोही विझला.

दुसऱ्या दिवशी सकाळी तिने माहितीपुस्तिका शोधून काढली. निळा दिवा म्हणजे मोबाइल बिनतारी जोडलेला. तिने ताईला खोदून खोदून विचारलं. भाऊजी गेल्यावर साउंडबार मुका झाला होता, तो बाबांनीच येऊन 'जागा' केला होता. भाऊजींचा जुना फोनही शुद्धीसाठी म्हणून तेच घेऊन गेले होते. धाकटीने बटण दाबून धरलं, जुनी जोडणी पुसली आणि आपला फोन जोडून ठेवला.

चार वाजता बाबांचा हात पुन्हा कफनीत गेला. साउंडबार मुकाच राहिला. आवाज आला तो बाबांच्या खिशातून.

"त्या गोळ्या आता घेऊ नकोस."

बाबा दाराकडे सरकले, पण शेजारचा शिंपी वाटेत उभा होता. त्याने फोन काढून धाकटीच्या हातात दिला. तो भाऊजींचाच होता. भाऊजींनी ताईला पाठवलेले जुने आवाजी निरोप तिने त्यात शोधून पूर्ण ऐकवले. "डॉक्टरांनी औषध बदललंय. त्या गोळ्या आता घेऊ नकोस, नव्या आणतोय." आणि दुसरा, "बसथांब्यावर उभा आहे. लवकर ये. मी वाट बघतोय." बाबांनी मागचंपुढचं कापून तेवढंच ठेवलं होतं.

लोक माना खाली घालून उभे होते. धाकटी म्हणाली, "आवाज खरा होता, म्हणून आपण सगळे फसलो. मीसुद्धा. पण तो येतो कुठून, हे कुणीतरी पहिल्याच दिवशी विचारायला हवं होतं. विचारल्याने मेलेल्यांचा अपमान होत नाही. न विचारल्याने जिवंत माणूस जातं."

ताईने पहिला निरोप पुन्हा लावायला सांगितला. 'नव्या आणतोय' हे शब्द आले तेव्हा तिला रडू फुटलं. डोळे पुसून तिने बहिणीकडे पाणी मागितलं. तसंच पडून राहिलेलं नव्या गोळ्यांचं पाकीट तिने स्वतःच फोडलं.