हौदातला समुद्र

शिवणबाईंना पाण्यात उतरायचं नव्हतं. त्या एका सिनेमाच्या कपडेपटात कामाला होत्या. शंभर वर्षांपूर्वी बुडालेल्या एका बोटीवरची प्रेमकहाणी होती ती, आणि बुडणाऱ्या सगळ्या बायकांचे झगे त्यांच्याच हातचे. पण गर्दीतली एक बाई तापामुळे आली नाही, तिचा झगा बाईंना बेतल्यासारखा बसला, आणि त्या आयत्या सापडल्या.

काळ्या पडद्यांनी झाकलेल्या चित्रीकरणाच्या हौदावर भर दुपारी रात्र होती. पाणी कोमट, वर यंत्राने सोडलेलं धुकं, तारेला टांगलेला दिव्याचा चंद्र. बाईंच्या वाट्याला नवरा म्हणून खऱ्या बोटींवर काम केलेले एक निवृत्त मिस्त्री आले होते. दोघांनी एका फळीला धरून तरंगायचं, आणि शिट्टी वाजली की मिस्त्रींनी बाईंचा हात सोडायचा.

"पोहता येतं ना?" मिस्त्रींनी विचारलं.

"सुईत दोरा ओवता येतो."

"मग धरून राहा. पाय टेकतात इथे."

दिवे मनासारखे लागेपर्यंत बराच वेळ गेला. झग्याचा घेर पाण्यावर पसरला होता आणि बाईंना आपलं वजनच जाणवेना. बोलणंही तसंच, आपोआप सुटत गेलं. मिस्त्री म्हणाले, बायको गेली तेव्हा ते भर समुद्रात होते, कळूनही परतता आलं नाही.

"आमचे गेले तेव्हा मी उशाशीच होते," बाई म्हणाल्या. "तरी बोलायचं ते राहूनच गेलं."

शिट्टी वाजली. मिस्त्रींनी हात सोडला नाही.

"अहो, सोडा ना," दिग्दर्शक काठावरून म्हणाला.

पुन्हा शिट्टी. या वेळी मिस्त्रींनी सोडला, तर बाईंनी धरला. नायिकासुद्धा हसायला लागली. शेवटी दिग्दर्शकाने हात टेकले. "राहू दे. धुक्यात कोणाला दिसतंय."

टॉवेल गुंडाळून चहा पिताना मिस्त्रींनी विचारलं, "उद्या बुडायला येणार?"

"उद्या कामाचा ढीग आहे." बाईंनी कपातला चहा संपवला. "संध्याकाळी मोकळी असते."

पुढे त्यांनी लग्न ठरवलं तेव्हा मुलगी म्हणाली, "आई, या वयात?"

"तू तुझ्या वयात केलंस, मी माझ्या वयात करते."

मुलगी दोन दिवस फिरकली नाही. तिसऱ्या दिवशी साडी घेऊन आली.

सिनेमा लागला तेव्हा बाई आणि मिस्त्री दुपारच्या खेळाला गेले. बोट एवढी सुंदर दिसत होती की बाई शिवणीतल्या चुका शोधायच्या विसरल्या. मिस्त्रींचा मध्येच डोळा लागला, मान कलून बाईंच्या खांद्यावर आली. त्यांनी उठवलं नाही. समोर माणसं पाण्यात पडत होती, आजूबाजूला लोक नाक ओढत होते.

दिवे लागल्यावर मिस्त्री जागे झाले. "बुडाली का?"

"बुडाली."

"बरं. मग जाताना भाजी घेऊ या," मिस्त्री म्हणाले, आणि दोघं सावकाश पायऱ्या उतरू लागली.