माझी सातवी ओळ

एकोणीसशे अठ्ठ्याण्णव सालच्या जानेवारीत, एका शब्दकोशाच्या कार्यालयात माझा जन्म झाला. मित्रांनो, मी एक जुनी स्क्रिप्ट आहे. स्क्रिप्ट म्हणजे संगणकाला ओळीने लिहून दिलेली कामे. आधी हे कर, मग ते कर, मग गप्प बस. मला ना हाडे, ना चाके. माझ्या आहेत त्या अवघ्या अकरा ओळी.

त्या कार्यालयात तेव्हा संगणक एकच होता. मागच्या गार खोलीत तो कपाटासारखा उभा असे, आणि बाहेरच्या दालनातले सोळा पडदे न् सोळा कळफलक त्याला जोडलेले असत. एकाच बिऱ्हाडात सोळा माणसे नांदावीत तसा तो कारभार. प्रत्येकाचा कप्पा वेगळा, पासवर्ड वेगळा. एक कप्पा मात्र सामाईक होता. शब्दाची नोंद लिहून पुरी झाली की ती तिथे ठेवायची. ती वाचायची मुभा सर्वांना. पुसायची मात्र ज्याने लिहिली त्यालाच.

या सगळ्यांवर एक मुख्य पासवर्ड होता. तो ज्याच्या हाती, त्याला एकही दार बंद नाही. तो फक्त संगणक सांभाळणाऱ्या बाईंना ठाऊक होता. त्यांना सगळे किल्लीताई म्हणत. माझी आई म्हणाल तर तीच.

कार्यालयातले छपाईयंत्र म्हणजे अडेलतट्टू होते. दिवसातून चारदा अडायचे. अडलेले काम रांगेतून काढायला मुख्य अधिकार लागे. मग दालनातून हाक यायची, "किल्लीताई, बसलं हो पुन्हा!" की ताई हातातला चहा टाकून उठे. तिला तेव्हा आठवा महिना लागला होता. ती रजेवर जाणार म्हटल्यावर व्यवस्थापकसाहेबांचा धीर सुटला.

"अहो, तो पासवर्ड लिहून भिंतीला चिकटवा की. तुम्ही नसताना आम्ही काय हातावर हात ठेवून बसायचं?"

"साहेब, न्हाणीघराची कडी अडकते म्हणून कुणी तिजोरीची किल्ली दारात टांगतं का?" ताई म्हणाली. "थांबा, मी एक सोय करून जाते."

ती सोय म्हणजे मी. मला कुणीही हाक मारावी. काम चालू असेतो माझ्या अंगी मुख्य अधिकार यायचा आणि काम संपले की उतरायचा. यंत्र थांबवायचे, अडलेले काम पुसायचे, यंत्र चालू करायचे. बस्स. कुणाला पासवर्ड सांगायला नको.

काय कौतुक झाले माझे! "ताईची लेक जन्मायच्या आधीच कामाला लागली," असे लोक म्हणत. मीही हुरळून गेले होते. थोरामोठ्यांचा अधिकार अंगावर चढला की अकरा ओळींनाही आपण अकराशे ओळींच्या आहोत असे वाटू लागते.

रजेवर जाण्याच्या दिवशी ताईने सगळ्या संगणकाची टेपवर नक्कल करून ती कपाटात ठेवली आणि ती घरी गेली. मुलगी झाली. पेढ्यासारखी गोड, असा निरोप आला.

त्यानंतरच्या एका मंगळवारची, सकाळी अकराची गोष्ट. मुद्रिते तपासणारे काका, त्यांना सगळे शोधककाका म्हणत, सामाईक कप्प्यात उभे राहून एक पान छापत होते. संगणकातही माणूस कुठल्या ना कुठल्या कप्प्यात उभा असतो बरे! यंत्र अडले. काकांनी मला हाक मारली.

काका फार टापटिपीचे. टेबलावरच्या पेन्सिलीसुद्धा एका उंचीच्या. त्यांनी स्वतःसाठी एक छोटा पुसणारा बनवून आपल्या कप्प्यात ठेवला होता. काहीही पुसायला सांगितले की तो आधी, जिथे काका उभे असतील तिथले महिन्याहून जुने सगळे झाडून टाकायचा. संगणकाचा मूळ पुसणारा होता, त्याचेच नाव काकांनी याला दिले होते. इतकी वर्षे त्यात काही बिघडले नाही. काकांना दुसऱ्याच्या फायली पुसायचा अधिकारच नव्हता, मग त्यांच्या पुसणाऱ्याला कुठून असणार?

आता माझी सातवी ओळ. तिथे ताईने पुसणाऱ्याचे नुसते नाव लिहिले होते, पत्ता लिहिला नव्हता. नुसते नाव सांगितले की संगणक शोधत निघतो, आणि आधी कुठे शोधायचे ते हाक मारणारा ठरवतो. काकांच्या यादीत पहिला होता त्यांचाच कप्पा. "वैद्यांना घेऊन ये" एवढेच सांगावे आणि पोराने वाटेत भेटलेला गुरांचा वैद्य आणावा, तसे झाले. मी काकांच्या पुसणाऱ्याला बोलावले आणि त्याच्या हाती मुख्य अधिकार दिला.

यंत्र सुरू झाले. काकांनी पान पुन्हा पाठवले, ते सुरेख छापून आले.

कोपऱ्यातल्या टेबलाशी संपादकबाई बसत. वय सत्तर. बत्तीस वर्षे त्या कोश रचत होत्या आणि अलीकडे त्यांची नजर अधू झाली होती. त्यांनी पडद्याला नाक लावले, चष्मा पुसला, पुन्हा पाहिले.

"अहो काका, जरा बघता का? मला सामाईक कप्पा जवळजवळ रिकामा दिसतोय. माझे डोळेच गेले वाटतं आज."

काकांनी पाहिले. डोळे गेले नव्हते. अकरा वर्षांच्या नोंदी गेल्या होत्या.

साहेबांना कारण कळायला वेळ लागला नाही. काकांच्या पुसणाऱ्याने पुसले, म्हणजे काकांनी पुसले. "निवृत्तीला दीड वर्ष राहिलं, तेवढंही निभावलं नाही तुम्हाला? उद्यापासून येऊ नका." काकांनी पेन्सिली डब्यात भरल्या.

निरोप मिळताच दुपारी किल्लीताई आली. कुशीत एकोणीस दिवसांची लेक. तिने मला उघडले आणि एकेक ओळ वाचत गेली. सातव्या ओळीशी तिचे बोट थांबले.

मित्रांनो, माझी भाषा वाचता येणारे त्या इमारतीत दुसरे कुणी नव्हते. ताईने तिथे गुपचूप पत्ता लिहून टाकला असता तर काकांवरचा ठपका जन्मभर काकांवरच राहिला असता. मुलगी रडू लागली. ताईने तिला थोपटले, आणि माझी ती ओळ तशीच उघडी ठेवून साहेबांना हाक मारली.

"काकांना थांबवा. चूक माझी आहे."

"तुमची? तुम्ही तर घरी होतात!"

"मी घरी होते, साहेब. माझा अधिकार इथे ठेवून गेले होते. तो नीट बांधून नव्हता ठेवला."

पुसले गेले ते सारे महिन्याहून जुने, आणि कपाटातली टेप होती अठ्ठावीस दिवसांपूर्वीची. जवळजवळ सगळे परत आले. पण टेपचे शेवटचे टोक चुरगळलेले निघाले आणि 'ह'च्या दोनशे नोंदी गेल्या. त्या बाईंच्या होत्या. त्यांची हाताने लिहिलेली कार्डे होती, पण स्वतःचेच अक्षर त्यांना आता दिसत नव्हते.

मग काका रोज दुपारी बाईंशेजारी खुर्ची ओढून बसू लागले. ते वाचत, बाई सांगत, काका लिहीत.

"काका, स्वल्पविराम गिळलात."

"बाई, कार्डावर नाहीये तो."

"मग बत्तीस वर्षांपूर्वी मी गिळला असेन. आता घाला!"

चार महिने हे चालले. जुन्यापेक्षा नव्या नोंदी सरस झाल्या असे बाई म्हणत. काकांचे मन राखायला म्हणत असतील. मला त्यातले कळत नाही.

ताईने मला नव्याने घडवले. प्रत्येक नावापुढे पूर्ण पत्ता लिहिला. हाक मारणाऱ्याची यादी बाजूला ठेवून मला माझी स्वतःची यादी दिली. मला कुणी कधी बोलावले याची नोंद होऊ लागली, आणि माझ्यात फेरफार करायची मुभा ताईखेरीज कुणालाच उरली नाही. सातव्या ओळीच्या डोक्यावर तिने एक टीप लिहिली: "इथे चुकले होते. मी चुकले होते. पूर्ण पत्ता लिहा."

कोश छापून झाला त्या वर्षी बाई गेल्या. शेवटचा खंड काकांनी त्यांना वाचून दाखवला होता. काका ठरल्या दिवशी मानाने निवृत्त झाले आणि पेन्सिलींचा डबा ताईच्या लेकीला देऊन गेले. साहेब बदली होऊन गेले. जाताना सर्वांसमोर काकांची माफी मागायला विसरले नाहीत. ती लेक आता कपडे शिवते आणि संगणकाला हातही लावत नाही. ताईचे केस पिकलेत. छपाईयंत्र भंगारात गेले, त्यामुळे मला हाक मारायचे कुणाला कारण उरले नाही. पण संगणक बदलला की मलाही कुणीतरी नव्यावर उचलून ठेवते, त्या टिपेसकट.

मित्रांनो, तुम्हीही कधी कुणाच्या हाती तुमचा अधिकार द्याल. कामापुरताच द्या, पत्ता पुरा लिहून द्या. आणि तरीही चुकलेच, तर डबा भरून निघालेल्या माणसाला दारातच थांबवा.