मालकांच्या हातच्या नूडल्स

पुन्हा तोच माणूस. गाड्याचा पडदा सारून आत आला आणि बाकाच्या नदीकडच्या टोकाला बसला. माझ्या पाठीवर माझी लेक सुझुनो झोपली होती. मी तिची झोळी उगाच घट्ट केली.

आमच्या हाकाता शहरात नदीकाठच्या गाड्यावर संध्याकाळी येणारा माणूस आधी दारूचा पेला मागतो. मग भाजलेलं कोंबडीचं कातडं, मग रश्श्यात मुरलेला मुळा, आणि नूडल्स अगदी शेवटी. पलीकडचे दिवे पाण्यात उतरले की बाकावरची अनोळखी माणसंही खांद्याला खांदा लावून गायला लागतात. हा मात्र आल्या आल्या नूडल्स मागायचा, आणि खाताना वाडग्याकडे न बघता आमच्या हातांकडे बघायचा. बूट चकचकीत. बंदरात राबणाऱ्याचे बूट असे नसतात.

तो पालिकेचाच, अशी माझी खात्री होती. गाड्याचा परवाना सासऱ्यांच्या, म्हणजे किसाबुरोबाबांच्या नावावर. ज्याच्या नावावर परवाना, त्यानंच गाड्यावर काम करायचं. नाव एकाचं आणि हात दुसऱ्याचे असं दिसलं की परवाना जातो. पुलाजवळचा एक गाडा असाच गेला. आणि बाबांचा उजवा हात हिवाळ्यातल्या अर्धांगाच्या झटक्यापासून नुसता लोंबत होता. नवरा मालवाहू जहाजावर, महिनोन्‌महिने बाहेर. गाडा गेला असता तर लेकीला घेऊन मी काय करणार होते?

म्हणून युक्ती काढली होती. माझीच. बाबांनी डोक्याला फडकं बांधून पातेल्याशेजारच्या उंच स्टुलावर बसायचं, मी त्यांच्या आडून सगळं करायचं आणि भरलेलं वाडगं तेवढं त्यांनी डाव्या हातानं पुढे सरकवायचं. नेहमीची गिऱ्हाईकं सामील होती. अनोळखी माणूस शिरला की एनोकिदाकाका, जन्मभर टगबोटीवर काढलेले, मोठ्यानं म्हणायचे, "मालक, आज हाताला काय चव आलीय!" ही खूण. मग मी आणखी मागे सरकायची. बाबा यावर कधी काही बोलले नव्हते. मला वाटायचं, त्यांना पटलंय.

आजही काकांनी खूण दिली. वर त्या माणसाला डिवचलंही.

"साहेब, एक थेंबही नाही? बायकोला भिता की डॉक्टरला?"

कामावर असताना पीत नाही, असं तो म्हणाला. मी बाबांच्या आड आणखी सरकले.

त्याच्या नूडल्स संपल्या, रस्सा उरला. आमच्याकडे अशा वेळी वाडगं पुढे करून उरलेल्या रश्श्यात नूडल्सची नवी जुडी घालून घेतात. त्यानंही वाडगं पुढे केलं.

"अजून एक. कडक ठेवा," तो म्हणाला. आणि मग, अगदी सहज, "या वेळी मालकांच्या हातच्या."

बाबांचा खांदा आज दुखतोय, असं काहीतरी मी पुटपुटायला लागले. काकांनी म्हातारपणावर एक विनोद सुरू केला आणि मध्येच सोडून दिला, कारण बाबा स्टुलावरून उतरले होते.

"सूनबाई, बाजूला हो."

"बाबा, पाणी उकळतंय."

"रोजच उकळतं."

मी बाजूला झाले. पूर्वी गाळणीला मनगटाचा एक झटका पुरायचा. सगळं पाणी खाली आणि नूडल्स वाडग्यात. डाव्या मनगटाला तो झटका येईना. गाळणी पाण्याबाहेर काढायलाच त्यांना वेळ लागला, तोवर नूडल्स फुगल्या. मग हिसका बसला तो भलताच. पाणी फळीवर सांडलं, मूठभर नूडल्सही सांडल्या. माझा हात आपोआप पुढे गेला. त्यांनी तो कोपरानं दूर केला आणि उरलेल्या नूडल्स वाडग्यात सोडल्या.

माणसानं खाल्लं. वाडगं उचलून रस्साही शेवटपर्यंत प्यायला. मग आतल्या खिशातून पालिकेचं ओळखपत्र काढून समोर ठेवलं. निनावी तक्रार होती, म्हणून यावं लागलं, असं शांतपणे सांगितलं.

"मालक स्वतः काम करतात, असं मी कळवतो," तो म्हणाला. म्हणताना त्याची नजर बाबांवर नव्हती, माझ्या पाठीवरच्या सुझुनोवर होती.

मी कमरेत वाकले ते वाकलेच. बाबा वाकले नाहीत.

"कशा होत्या?" त्यांनी विचारलं.

"छान होत्या."

"मऊ होत्या."

त्यानं ओळखपत्र उचलून खिशात ठेवलं.

"तेही कळवा."

त्यानं मान डोलावली, वाकून नमस्कार केला आणि पडद्याबाहेर गेला. एनोकिदाकाका पेल्यात बघत बसले.

फळी पुसायला मी फडकं घेतलं. बाबांनी ते माझ्या हातातून काढून बाजूला ठेवलं, आणि सांडलेल्या नूडल्स डाव्या हाताच्या दोन बोटांनी एकेक करून उचलायला लागले. इतके दिवस मी पडद्याकडेच डोळे लावून बसले होते. आता त्यांच्या चेहऱ्याकडे पाहिलं, आणि लगेच नजर काढून घेतली.

पडदा हलला. जागा आहे का, असं कोणीतरी हसत विचारलं. एक नूडल फळीच्या फटीत चिकटली होती, ती निघत नव्हती.

"थोडं थांबा," वर न बघता बाबा म्हणाले, आणि नखानं ती सोडवत राहिले.